बागेतली गाडी

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली तेव्हा मला वाटलं, पंचवीस वर्षांच्या हिशेबाचा लेख मागायला आली असतील. तसं नव्हतं. "काका, तुमच्या त्या बागेतल्या गाडीबद्दल लिहा," असं म्हणाली. बरोबर आलेल्या एका लहान मुलीने विचारलं, "आपल्या बागेत गाडी होती? खरी?" तिचा जन्म गाडी बंद पडल्यानंतरचा. तिला काय उत्तर द्यावं ते मला पटकन सुचेना. गाडी खरी होती, पण खेळण्यातली होती. आणि खेळण्यातली असली तरी तिचे रूळ, वळणं, चढ, पावसाळा आणि अपघात हे सगळं खरंच होतं. म्हणून हा लेख. आधी अशा गाड्यांचा इतिहास सांगतो, मग आपल्या गाडीचा. शेवटी एक गोष्ट कबूल करायची आहे, ती अकरा वर्षं राहून गेली आहे.

आपल्यातल्या नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून सांगतो, मी रेल्वेत होतो. इंजिनात नाही, स्टेशनात नाही. परमनंट वे, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी सांभाळणारं जे खातं, त्यात. त्यामुळे गाडी म्हटलं की लोक इंजिनाकडे बघतात आणि मी खाली बघतो. हा इतिहाससुद्धा मी खालूनच सांगणार.

गाडीच्या आधी रूळ

जर्मनीत स्टुटगार्टच्या पूर्वेला ग्योपिंगेन नावाचं गाव आहे. तिथे १८५९ मध्ये मेर्कलिन नावाच्या पत्र्याच्या कारागिराने बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची भांडीकुंडी बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे भातुकली म्हणतो तीच. १८६६ मध्ये तो वारला आणि पुढे त्याची बायको कारोलीन हिने तो धंदा नेटाने चालवला. त्या काळात खेळण्यातल्या आगगाड्या युरोपात सगळीकडे मिळत, पण ज्याची त्याची गाडी वेगळ्या मापाची. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालायचं नाही. बऱ्याच गाड्यांना तर रूळच नसत. दोरी बांधून ओढायच्या.

१८९१ मध्ये लाइपत्सिगच्या जत्रेत, म्हणजे व्यापारी मेळ्यात, मेर्कलिनच्या मुलांनी किल्लीवर चालणारी गाडी आणि आठच्या आकड्यासारखा रूळ मांडला. त्याबरोबर रुळांची ठरावीक मापंही ठरवली: एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. यंदा गाडी घ्या, पुढच्या नाताळात चार रूळ घ्या, त्याच्या पुढच्या नाताळात सांधा घ्या. सगळं एकमेकांत बसणार. भातुकलीचा संसार वर्षावर्षाने वाढतो, तशी गाडीही वाढणार. हा विचार बाहुल्यांची भांडी करणाऱ्या घरातून आला याचं मला कौतुक वाटतं. त्यातलं एक नंबरचं माप, म्हणजे दोन रुळांमध्ये ४५ मिलिमीटर, आज सव्वाशे वर्षांनंतरही चालू आहे. आपल्या बागेत होता तो रूळ याच मापाचा.

पुढे इंग्लंडात नॉर्थॅम्प्टन गावी बॅसेट-लोक नावाच्या तरुणाने टपालाने छोट्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग विकायला सुरुवात केली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जर्मन कारखानदारांच्या गाड्या पाहिल्या आणि त्यांच्याकडून इंग्लिश धर्तीची इंजिनं करवून घेतली. त्याला हेन्री ग्रीनली हा रेखाटन करणारा उत्तम माणूस मिळाला. इंग्लंडात ज्याच्या घरामागे थोडी हिरवळ होती असा हौशी माणूस तेव्हा या गाड्या बागेत नेऊ लागला. खरं तर तिकडे बागेतल्या गाडीची हौस याहूनही जुनी. डर्बीशायरमधल्या सर आर्थर हेवूड या जमीनदाराने १८७४ मध्ये आपल्या घराच्या आवारात १५ इंच रुंदीचा रूळ घातला होता. त्याला दाखवायचं होतं की इतक्या अरुंद रुळावरही खरा माल आणि खरी माणसं वाहता येतात. म्हणजे खेळणं कुठे संपतं आणि रेल्वे कुठे सुरू होते, ही रेषा पहिल्यापासूनच पुसट.

ग्वाल्हेरचे महाराज

ही रेषा सगळ्यांत जास्त कोणी पुसली असेल तर ती आपल्याच एका मराठी घराण्याने. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६ ते १९२५) यांना रेल्वेचं विलक्षण वेड होतं. जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी पुष्कळांनी पाहिली असेल. मोठ्या जेवणाच्या मेजावर रूळ, आणि त्यावरून विजेची छोटी गाडी पाहुण्यांपुढे मद्य, सुकामेवा नि सिगार घेऊन फिरते. ही गाडी वर सांगितलेल्या बॅसेट-लोकच्याच कंपनीने बनवली. पाहुण्याने डब्यातलं पात्र उचललं की गाडी थांबायची, परत ठेवलं की चालू.

पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. महाराजांनी हौसेखातर राजवाड्याच्या परिसरात दोन फुटी रुळांची छोटी गाडी घातली होती. ती वाढत वाढत ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली. ग्वाल्हेरपासून श्योपूरपर्यंत साधारण २०० किलोमीटर, त्याच दोन फुटी रुळावर, खेडोपाडीचे लोक शंभर वर्षांहून जास्त काळ तिने प्रवास करत होते. टपावरसुद्धा बसून. बागेतल्या हौसेतून अख्ख्या मुलखाची सोय झाली.

आपल्या मुलुंड-डोंबिवलीकडच्या मंडळींना दोन फुटी रूळ म्हटलं की माथेरान आठवेल. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली नेरळ-माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. तिचा सगळ्यांत कडक चढ विसाला एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. भोर घाटात आपली मोठी गाडी सदतिसाला एक चढते, तरी तिला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. त्यावरून माथेरानचा अंदाज करा. या गाडीची मूळ इंजिनं जर्मनीत तयार झाली होती. त्यांची टोकाची चाकं वळणावर थोडी सरकतील अशी रचना होती. त्यांतलं एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

न्यूरेंबर्गची हिरवी गाडी

दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपातली घरं लहान होत गेली, आणि गाड्याही. एक नंबरचा रूळ मागे पडला, त्याच्या निम्म्याहून कमी रुंदीचे रूळ आले, गाडी बागेतून दिवाणखान्यात आणि तिथून पलंगाखाली गेली. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मुलांना दाखवलं असेल. तिथल्या गाड्या या लहान मापाच्या. सुंदर आहेत, पण त्यांना छप्पर हवं. एक झाडाचं पान पडलं तरी त्यांचा रस्ता बंद.

गाडी पुन्हा बागेत आणली ती लेमान या कारखान्याने. हा कारखाना मूळचा बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्गचा, १८८१ चा, पत्र्याची किल्लीची खेळणी करणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग रशियनांच्या ताब्यात गेला, कारखाना मालकांच्या हातून गेला. त्यांतले रिश्टर पश्चिमेकडे आले आणि १९५१ मध्ये न्यूरेंबर्गला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या एबरहार्ड आणि वोल्फगांग या मुलांनी १९६८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात एक गाडी मांडली: 'लेमान ग्रोस बान', म्हणजे लेमानची मोठी गाडी. लोक तिला एलजीबी म्हणतात. रूळ तोच जुना, ४५ मिलिमीटरचा. पण गाडी मोठ्या लाईनची नाही, तर डोंगरातल्या अरुंद मीटर गेजची धरली. एक मीटर रुळाचे पंचेचाळीस मिलिमीटर करायचे म्हणजे सगळं साधारण साडेबावीस पटींनी लहान. त्यामुळे त्याच रुळावर गाडी चांगली ऐसपैस, मुलांच्या हातात मावेल पण मोडणार नाही अशी झाली. जाड पितळी रूळ, उन्हात न तडकणारे प्लास्टिकचे स्लीपर, पावसातही चालेल अशी मोटार. पलंगाखालची गाडी पुन्हा मोकळ्या हवेत आली.

त्यांचं पहिलं इंजिन होतं 'श्टाइन्त्स'. ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्क प्रांतात १८९२ मध्ये बनलेलं त्या नावाचं एक खरंखुरं चिमुकलं इंजिन होतं, त्याची ही प्रतिकृती. ते मूळ इंजिन चालायचं ७६० मिलिमीटरच्या रुळावर. हा आकडा वाचला तेव्हा मी चमकलो. कारण माझं बालपण बार्शीचं. कुर्डुवाडीहून बार्शीला येणारी आमची 'बार्शी लाईट' १८९७ पासून अडीच फुटी रुळावर चालत होती, म्हणजे ७६२ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा काय तो फरक! आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांनी खचाखच भरलेली, धावत सुटलं तर गाठता येईल अशी ती गाडी. मी रुळांच्या खात्यात गेलो ते तिच्यामुळेच.

परवानगीचा कागद

आता अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या सोसायटीच्या कामाची आहे. मिकी माऊसवाले वॉल्ट डिस्ने यांनी लॉस एंजलिसमध्ये कॅरोलवुड नावाच्या रस्त्यावर घर बांधलं, ते मुळात गाडी घालता यावी अशी जागा बघूनच. १९५० मध्ये गाडी सुरू झाली. रूळ सव्वासात इंची, गाडी खऱ्याच्या एक अष्टमांश, माणसांनी घोड्यावर बसावं तसं डब्यांवर बसायचं. इंजिन खऱ्या वाफेचं. सगळा मिळून साधारण अर्धा मैल रूळ. इंजिनाचं नाव बायकोच्या नावावरून, 'लिली बेल'.

एवढं करूनही बायकोच्या फुलांच्या वाफ्यातून रूळ न्यायचा प्रश्न उरलाच. डिस्नेंनी काय केलं? वकिली भाषेत एक करारनामा तयार केला, की या आवारातून रेल्वेला जायचा हक्क राहील, आणि त्यावर बायकोच्या आणि दोन्ही मुलींच्या सह्या घेतल्या. वाफ्याच्या खालून नव्वद फुटी बोगदा काढला. वरची फुलं जशीच्या तशी. जगातल्या एवढ्या मोठ्या माणसालाही स्वतःच्या घरात ना-हरकत दाखला घ्यावा लागला!

तीन वर्षं रविवारी पाहुणे येत, गाडीत बसत. १९५३ मध्ये एका पाहुण्याने गाडी चालवताना वळणावर वेग फार ठेवला. इंजिन रुळावरून उतरलं, वाफ सुटली आणि एका लहान मुलीला भाजलं. डिस्नेंनी त्यानंतर घरची गाडी बंद केली. इंजिन काढून ठेवलं. पण रेल्वेचा नाद सोडला नाही. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्याला वेढा घालून तीन फुटी रुळावर खरी गाडी धावत होती.

या गोष्टीचा पहिला भाग मी २००७ च्या आपल्या सर्वसाधारण सभेत हसत हसत सांगितला होता. दुसरा भाग सांगितला नव्हता.

आपली गाडी

माझी थोरली बहीण आणि दाजी तीस वर्षं न्यूरेंबर्गला होते. गावाबाहेर त्यांची भाड्याने घेतलेली छोटी बाग होती. तिकडे अशा बागांच्या मोठमोठ्या संघटना आहेत आणि नियम आपल्या उपविधींपेक्षा कडक: जागेच्या साधारण एक तृतीयांश भागात भाज्या-फळं लावलीच पाहिजेत. दाजींनी बटाट्याच्या वाफ्याला वळसा घालून एलजीबीचा रूळ टाकला होता. २००६ च्या सप्टेंबरात आम्ही तिकडे होतो, नेमकी तेव्हाच ती खेळण्याची कंपनी दिवाळखोरीत गेल्याची बातमी आली. पुढच्याच वर्षी ती मेर्कलिनने घेतली, आणि त्या गाड्या आजही मिळतात. पण त्या दिवशी दाजी बटाट्याच्या वाफ्याशी बराच वेळ नुसते उभे होते. निघताना त्यांनी मला हिरवं श्टाइन्त्स इंजिन, दोन डबे, बारा वाकडे रूळ आणि चोवीस सरळ रूळ दिले. म्हणाले, "बार्शीला चालव." बार्शीचं घर तर कधीच विकलं होतं. मी डोंबिवलीला आणलं.

वाकड्या बारा रुळांचा मिळून एक वर्तुळ होतो, मध्यापासून साठ सेंटिमीटरचा. सरळ रूळ प्रत्येकी तीस सेंटिमीटर. सगळे जोडले तर साधारण अकरा मीटरचा फेरा. आपल्या मागच्या बागेत, म्हणजे पाण्याच्या टाकीपासून सी विंगच्या जिन्यापर्यंत, तो नीट बसत होता. एकच अडचण होती: तळमजल्याच्या वहिनींचा मोगरा.

सभेत वाद झाला. एक जण म्हणाले, आज गाडी, उद्या पाळणा, परवा जत्रा. वहिनी म्हणाल्या, मोगऱ्याला हात लावाल तर याद राखा. तेव्हा मी डिस्नेंच्या करारनाम्याची गोष्ट सांगितली. आपले तेव्हाचे सचिव, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते हसले आणि त्यांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला. तीन अटी. एक, मोगऱ्याच्या वाफ्याला धक्का लागणार नाही. दोन, दुपारी दोन ते चार गाडी बंद. तीन, सोसायटीच्या फंडातून एक पैसाही नाही. ठराव एकमताने मंजूर. रूळ मोगऱ्याला वळसा घालून गेला आणि त्या वळणाचं नाव 'वहिनी घाट' पडलं.

त्या सहा वर्षांत मुलांना मी जे शिकवलं ते मला खात्यात तीस वर्षं शिकवलेलंच होतं. मातीवर नुसता रूळ टाकायचा नाही. पहिल्या पावसात बसतो. आधी चर खणायचा, विटांचे तुकडे भरायचे, वर बारीक कच टाकायची, म्हणजे पाणी खाली निघून जातं. रुळाच्या जोडात फट ठेवायची. डोंबिवलीच्या मे महिन्यात पितळ फुगतं. चढ शंभराला दोनपेक्षा जास्त नको, नाहीतर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं. पितळावर काळी पुटं चढतात आणि वीज चाकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून गाडी सोडण्याआधी रूळ घासायचा. मुलांनी यासाठी पाळ्या लावल्या. त्यांना आम्ही गँगमन म्हणायचो. रोज एकाची कीमनची ड्यूटी: शाळेला जाण्यापूर्वी अकरा मीटर चालत जायचं, जोड तपासायचे, गोगलगाई, मुंग्यांची वारुळं आणि आंब्याची पानं काढायची, वहीत सही करायची. ती वही माझ्याकडे आहे. एकाने लिहिलंय, "रुळावर मांजर झोपली आहे. उठवली नाही. गाडी उशिरा सोडावी."

गणपतीत गाडीवरून प्रसाद फिरायचा. पुढच्या डब्यात खिरापत, मागच्यात मोदक. ग्वाल्हेरच्या महाराजांच्या डब्यांत काय असायचं ते अण्णांना ठाऊक होतं. ते मिश्कीलपणे म्हणायचे, "आपली गाडी सात्त्विक."

जे सांगायचं राहिलं

आता ती गोष्ट. २०१३ चा ऑगस्ट, श्रावणातली संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबला होता. रुळावर जी वीज असते ती चोवीस व्होल्टच्या आत, तिने काही होत नाही. पण ती वीज देणारा ट्रान्सफॉर्मर घरातल्या दोनशे तीस व्होल्टवर चालतो. त्याच्याबरोबरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की तो घराच्या आत ठेवावा आणि बाहेर फक्त कमी दाबाची वायर न्यावी. पहिली दोन वर्षं मी तसंच केलं होतं. मग खिडकीतून वायर ओढण्याचा कंटाळा आला, म्हणून बागेतल्या बाकाखाली प्लास्टिकचा डबा ठेवला, त्यात ट्रान्सफॉर्मर आणि चौकीदाराच्या खोलीतून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड. अण्णांनी मला दोनदा सांगितलं होतं, "अहो, निदान गळती झाली की बंद होणारा तो ब्रेकर तरी बसवा. इलेक्ट्रिशियन मी पाठवतो." मी म्हणालो, गणपतीच्या आधी बसवतो.

त्या संध्याकाळी डब्याचं झाकण उघडं होतं. नऊ वर्षांच्या एका मुलाने गाडी सोडायला म्हणून ओल्या बोर्डाला हात लावला. तो मागे फेकला गेला. हात बराच वेळ बधिर होता. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी घरी सोडलं. त्याला पुढे काही झालं नाही, ही देवाची कृपा. माझी कर्तबगारी नाही.

सभेत सगळे म्हणाले, पावसामुळे झालं. मी गप्प बसलो. अण्णांनी इतिवृत्तात लिहिलं, "समितीच्या देखरेखीतील त्रुटीमुळे." समितीची कसली त्रुटी? चूक माझी होती. मला दोनदा सांगितलेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रुळावरची एक सैल चावी दिसली तर मी गँगला झापायचो, आणि स्वतःच्या बाकाखालचं झाकण मला बंद करता आलं नाही. अण्णांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं आणि त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलले नाहीत. ते २०१९ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत मी हे सभेत उभं राहून बोलायला हवं होतं. तेव्हा राहिलं, म्हणून आज लिहून देतो. इतिवृत्त बदलता येत नाही, पण स्मरणिकाही आपल्या दप्तरातच राहील.

त्या दिवसापासून गाडी लिफ्टच्या खोलीवरच्या माळ्यावर खोक्यात आहे. रूळ मी स्वतः उचलले. वहिनी घाटाची खडी मात्र मोगऱ्याभोवती अजून दिसते. मोगरा आहेच.

पुढचा फेरा

गेल्या वार्षिक सभेत मागची बाग काढून पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि आठ चारचाक्यांची सोय करायची, असा प्रस्ताव आला आहे. गाड्या ठेवायला जागा नाही हे मलाही दिसतं. रात्री उशिरा येणाऱ्या माणसाने गाडी कुठे लावायची? म्हणून मी विरोध करायला हे लिहीत नाही. पण इतिहास सांगायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगतो. हेवूड असो, महाराज असोत, डिस्ने असोत की बटाट्याच्या वाफ्याशी उभे असलेले दाजी, बागेतली गाडी कधीच एकट्याची नसते. तिला जमीन लागते, आणि ती जमीन कुणाच्या तरी मोगऱ्याच्या बाजूने जाते. म्हणून तिथे विचारावं लागतं, अटी पाळाव्या लागतात, रोज कुणाला तरी अकरा मीटर चालावं लागतं. आपली मुलं एकमेकांना ओळखायला लागली ती या पाळ्यांच्या वहीमुळे. आठ चारचाक्यांनी ते होणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे, की नकाशा करताना भिंतीलगतची पाच फुटांची पट्टी मातीची सोडावी. टाकीपासून मोगऱ्यापर्यंत. सात चारचाक्या तरीही बसतात. मी टेप लावून मोजलं आहे. त्या पट्टीत मोगरा राहील आणि रूळही राहील. फेरा होणार नाही, पण पुढे-मागे जाणारी गाडी होईल. आता तिकडे पुष्कळ जण इंजिनातच बॅटरी बसवतात आणि हातातल्या रिमोटने गाडी चालवतात. रुळात वीजच नाही, बाहेर वायर नाही, बोर्ड नाही, पितळ घासायलाही नको. बॅटरी घरी चार्ज करायची. हा खर्च मी करीन. तिसरी अट अजून लागू आहे असं मी धरतो.

ज्या मुलाला तेव्हा शॉक बसला होता तो आता वीस वर्षांचा आहे, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. हे लिहिण्याआधी मी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना घरी जाऊन सगळं सांगितलं. वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." मुलाने मात्र वेगळंच विचारलं. "काका, खोकं माळ्यावर कोरडं आहे ना? मोटार बघायला हवी."

रविवारी सकाळी आम्ही खोकं खाली काढणार आहोत. कीमनची वही मी पुढे नवी आणून ठेवली आहे. ज्या मुलीने विचारलं होतं, गाडी खरी होती का, तिने पहिल्या पानावर नाव घातलं आहे. सभेने पट्टी मंजूर केली तर सोमवारची पाळी तिची.